निबंधातला नांगर आणि आपली भारी जमीन

शेतकऱ्यावरचा निबंध आपल्याकडे कसा सुरू होतो, हे प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला पाठ आहे. शेतकरी पहाटे उठतो, बैल जुंपतो, नांगर धरतो, घाम गाळतो. हल्ली बैलाच्या जागी ट्रॅक्टर येतो, बाकी सगळं तसंच. चित्रकलेच्या तासाला 'शेत काढा' म्हटलं की मुलं तपकिरी रंगाच्या समांतर रेषा ओढतात. नांगरलेलं काळंभोर रान म्हणजे कष्टाळू माणूस, आणि काडीकचरा पडलेलं, गवत उगवलेलं रान म्हणजे आळशी माणूस. हे समीकरण आपणच मुलांच्या डोक्यात घालतो आणि पुढे ते गावात एकमेकांना तोलायचं माप होऊन बसतं.

माझं म्हणणं असं आहे की निदान नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला सवय व्हायला वेळ लागतोय) भारी काळ्या जमिनीच्या बाबतीत तरी हे समीकरण तपासून बघायला हवं. आणि ते तपासायला शाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. शाळेला त्या जमिनीतून पीक काढून कर्ज फेडायचं नसतं. एखादा प्रयोग फसला तर कुणाच्या घरची चूल थंड होत नाही.

आधी जमिनीबद्दल. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण खूप, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कण. हे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून पावसाळ्यात चिखल आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. या भेगांत वरची माती पडते, पाऊस आला की खालची माती फुगून वर ढकलली जाते. अशा जमिनीला मृदाशास्त्रात 'व्हर्टिसॉल' म्हणतात. लॅटिनमधल्या 'उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आलंय. म्हणजे स्वतःच स्वतःला उलटीपालटी करणारी जमीन! मला हे नाव फार आवडतं. भूगोलाच्या तासाला 'रेगूर मृदा, कापसासाठी उपयुक्त' एवढंच सांगून आपण पुढे जातो, आणि ज्या मुलाच्या चपलेला ती रेगूर मृदा चिकटलेली असते त्याला तिच्यातली ही गंमत कळतच नाही.

आता प्रश्न असा पडतो की जी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, तिला आपण वर्षातून दोन-दोन वेळा पलटी नांगर आणि वरून रोटावेटर का मारतो?

कारणं आहेत, आणि ती फालतू नाहीत. हरळी, कुंदा, लव्हाळा असलेलं रान नांगराशिवाय ताब्यात येत नाही, हे जुनी माणसं सांगतात ते खरंच आहे. पण भारी जमिनीत नांगरणीला एक अट असते, ती म्हणजे वाफसा. वाफसा हा शब्द मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. जमीन ना ओली ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोटाने ढकलली तर फुटते, ती घात. काळ्या जमिनीत ही घात फार थोडे दिवस टिकते. बैलाच्या जमान्यात माणूस घात बघून रानात जायचा, कारण ओल्या रानात बैल चालतच नसे. ट्रॅक्टर चालतो. भाड्याचा ट्रॅक्टर तर त्याचा नंबर लागेल तेव्हा येतो, तुमच्या वाफशाची वाट बघत नाही. मग ओल्या रानात फाळ घुसतो, खालची माती लिंपल्यासारखी घट्ट होते, वर मोठाली ढेकळं निघतात, ती फोडायला रोटावेटर. रोटावेटरने वरची चार बोटं माती पिठासारखी होते आणि पहिल्याच जोरदार पावसात त्या पिठाची खपली धरते. वर खपली, खाली घट्ट थर, आणि मधल्या मधे मुळं. शेतकरी म्हणतो, जमीन कडक झाली, अजून खोल नांगरू. हे चक्र आपल्या मुलांच्या घरात चाललंय.

न नांगरता शेती म्हटलं की लोकांना ती परदेशी गोष्ट वाटते. परदेशात तिचा इतिहास आहेच. ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ साली विना नांगरणीची पेरणी सुरू केली, कारण पावसाने त्याची माती वाहून चालली होती. जपानच्या मासानोबू फुकुओकांचं नाव तर आपल्याकडेही सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी असतं. आणि विज्ञानाच्या शिक्षकांना हे सांगायला आवडेल की उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनने शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ मध्ये. माणसाने नांगर शोधला त्याच्या कितीतरी आधीपासून गांडुळं जमीन उलथत आली आहेत, हा त्यातला मुद्दा.

पण परदेशात कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यात बिननांगराची शेती हजारो एकरांवर चालू आहे. तिचं नाव खोडवा.

ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांपासून पुढचं पीक घेतो तो खोडवा. नांगरणी नाही, नवं बेणं नाही, जुनी मुळं जमिनीतच. खोडवा कसा सांभाळायचा याबद्दल राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत. विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्र फलटण तालुक्यात पाडेगावला आहे. त्या शिफारशी अशा: पाचट जाळू नका, सऱ्यांमध्ये पसरा, बुडखे जमिनीलगत छाटा, पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, बगला फोडू नका, रासायनिक खत पहारीने भोकं पाडून मुळाजवळ द्या. नीट बघितलं तर ही शंभर टक्के विना नांगरणीची, आच्छादनाची शेती आहे. फक्त तिला कुणी मोठं नाव दिलं नाही.

आणि तरीही दर हंगामात संध्याकाळी आपल्या गावांच्या कडेने धूर दिसतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, ते काडी लावून तासाभरात संपतं. मी पालकांशी बोलते तेव्हा कारणं ऐकायला मिळतात. उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, शेजाऱ्याने पेटवलं ते आपल्यात आलं, मजूर पाचटात काम करायला तयार नसतात. यातलं पाण्याचं कारण खरं आहे. पाचट पसरलेल्या सरीला पहिली दोन पाणी जास्त वेळ खातात. बाकीचं बरंचसं सवयीचं. रान 'स्वच्छ' दिसलं पाहिजे, ही ती निबंधातली स्वच्छता. म्हणून मला वाटतं की हा विषय नुसता कृषी सहायकाचा नाही, आपलाही आहे.

पाचटाच्या बाबतीत ऊसपट्ट्याला एक मोठी सवलत आहे. उसाचे वाढे जनावरं खातात, वाळलेलं पाचट फारसं खात नाहीत. त्यामुळे पाचट जमिनीला दिलं तर गोठ्याच्या तोंडचा घास जात नाही. ज्वारीच्या पट्ट्यात तसं नाही. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जत भागात कडबा हा दाण्याइतकाच मोलाचा. तिथल्या शेतकऱ्याला 'पिकाचे अवशेष रानात सोडा' असं सांगणं म्हणजे म्हशीला उपाशी ठेवा असं सांगण्यासारखं आहे. उरतात ती धसकटं. ती तरी वेचून जाळू नयेत एवढंच म्हणता येईल. बाहेरच्या पुस्तकातला सल्ला जशाच्या तसा उचलला की असं होतं.

याच पट्ट्यात दुसरा पेच आहे, तो जास्त अवघड. पावसाचं प्रमाण साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला चांगला पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात. भारी जमीन खरिपात पड ठेवायची, तिला कुळवाच्या पाळ्या घालायच्या, ओल मुरवायची आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान रब्बी ज्वारी पेरायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. ज्वारी मग त्या साठवलेल्या ओलीवरच येते. पण पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने रान उघडं. वळवाचा पाऊस येतो, माती घेऊन ओढ्याला जातो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीवर काम सुरू केलं तेव्हा या खरीप पडीक पद्धतीकडेच त्यांचं लक्ष होतं. त्यातून रुंद वरंबा-सरीची पद्धत आली. आता सोयाबीनसाठी कृषी खातं जी बीबीएफ पेरणी सांगतं, ती त्याच घराण्यातली.

मग या पडीक काळात आच्छादन पीक घ्यावं का? इथे मी सरसकट 'हो' म्हणणार नाही. ताग किंवा धैंचा पेरला तर तो वाढताना ओल पिणारच, आणि ती ओल ज्वारीची. पाऊस चांगला असेल तर मूग-उडीद हा जुना तोडगा आहे. साठ-सत्तर दिवसांत निघतो, शेंगा तोडून पाला रानात, मुळांवरच्या गाठी जमिनीत. आपल्या आज्यांना 'कव्हर क्रॉप' हा शब्द माहीत नव्हता, पण 'बेवड' माहीत होता. कुठल्या पिकाचा बेवड कुठल्या पिकाला मानवतो, हे त्या बोटावर सांगायच्या. पाऊस ओढ देत असेल त्या वर्षी मात्र आच्छादन पिकाचा हट्ट धरू नये. कोरडवाहू माणसाला ज्वारीचा दाणा आणि कडबा दोन्ही गमावणं परवडत नाही.

कोळपणीचंही तसंच. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' अशी आपल्याकडे म्हणच आहे. रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगतात: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्याने. शेवटची मुख्यतः भेगा बुजवायला. भेगांतून ओल उडते, वर भुसभुशीत मातीचा थर केला की ती थांबते. आता कट्टर विना नांगरणीवाला म्हणेल, मातीला हातच लावू नका. माझ्या मते तो चुकतो. कोळपं दोन बोटं माती हलवतं, पलटी नांगर फूटभर माती उलथतो. दोन्हीला 'मशागत' हा एकच शब्द असल्यामुळे वाद उगाच वाढतो. ज्या रानात झाकायला काडी नाही तिथे मातीचंच पांघरूण करणं हे शहाणपण आहे. काडी असेल तिथे काडीचं करावं.

कालव्याच्या पट्ट्यातली गोष्ट वेगळी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, प्रवरेचे कालवे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवाश्यापर्यंत गेले. १९५० ला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं मुलांना इतिहासात भेटतात. त्या पाण्याने आणि उसाने आपल्या शाळांच्या इमारतीसुद्धा उभ्या केल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भारी जमीन, भरपूर पाणी, निचरा कमी, म्हणून काही रानं चिबड झाली, काही खारवट, काही चोपण. चोपण जमिनीत सोडियम जास्त, माती पाण्यात विरघळून गढूळ होते आणि वाळली की दगड. अशा रानाला नुसतं 'नांगर सोडा, आच्छादन करा' हे औषध पुरणार नाही. आधी चर काढून निचरा, माती तपासून गरजेप्रमाणे जिप्सम, मग हिरवळीचं पीक. धैंचा अशा जमिनीत तगतो, म्हणून तिथे तागापेक्षा धैंचा.

हिरवळीच्या पिकाबद्दल आणखी एक. आपल्याकडे ताग साधारण ४५-५० दिवसांचा, फुलावर आला की नांगरून गाडायची पद्धत आहे. विना नांगरणीत तो कापून किंवा आडवा पाडून वरच ठेवतात. गाडला की लवकर कुजतो, पुढच्या पिकाला नत्र लवकर मिळतं. वर ठेवला की हळू कुजतो, पण जमीन झाकली जाते, ऊन आणि पावसाचा मार चुकतो. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत. बागायतीत, पुढे भाजीपाला असेल तर गाडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

महाराष्ट्रात या वाटेने बरंच पुढे गेलेली माणसं आहेत. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत 'एसआरटी' पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. सुरुवात भातापासून झाली, पुढे मराठवाड्यात कापूस, सोयाबीन, मक्यापर्यंत ती गेली. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं विना नांगरणीची ऊसशेती करतात आणि त्यावर लिहितातही. तण हे शत्रू नसून सेंद्रिय कर्बाचा कच्चा माल आहे, असा त्यांचा सूर. हे वाचताना आपले डोळे उघडतात. पण पालकांनी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो तणनाशकाचा. नांगर थांबला की तणाचं काय, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी ग्लायफोसेट हेच असतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि तो फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच व्हावा असं म्हटलं. डिझेल वाचवून विष वाढवायचं का, हा वाद खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. मोठ्या रानात मजूर मिळत नाहीत हेही दिसतं. शाळेच्या परसबागेपुरतं मात्र उत्तर स्पष्ट आहे: तिथे तणनाशकाची बाटली आत येता कामा नये. विळा आहे, पाचट आहे, मुलांचे हात आहेत.

काही पालक म्हणतात, 'मॅडम, शेती शिकायला पोरगं शाळेत धाडलं नाही, ती घरी आहेच की.' बरोबर आहे. मी शेती शिकवा म्हणतच नाही. मी विज्ञान आणि गणित शिकवा म्हणते, फक्त उदाहरण रानातलं घ्या.

एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण शंभर लिटर पाणी. एका तासात ४० मिलिमीटर पडला आणि निम्मा वाहून गेला तर एकरातून किती टँकर गेले? हे सातवीच्या मुलाला काढता येतं. किंवा हे घ्या. एक हेक्टर जमिनीतल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे वीस लाख किलो. तिच्यातला सेंद्रिय कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा तर दोन हजार किलो कर्ब तिथे टिकायला हवा. दहा टन पाचटात साधारण चार टन कर्ब, पण त्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात. मग किती वर्षं लागतील? मुलं इथे थांबतात, वाद घालतात. घरी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर आणायला सांगा. सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली असला तर 'कमी' लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर बोट ठेवून एकदा हे गणित केलं की 'एका वर्षात जमीन सुधारा' अशा जाहिरातींकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

चाचण्याही सोप्या आहेत. दोन वाळलेली ढेकळं घ्या, बोराएवढी. एक नांगरलेल्या रानातलं, एक बांधावरच्या गवताखालचं. चहाच्या गाळणीत ठेवून पाण्याच्या ग्लासात सोडा. आपली काळी माती तशी लवकरच सुटते, तेव्हा फक्त 'फुटलं की नाही' एवढं बघू नका. बारीक दाणे होऊन खाली बसतात आणि पाणी नितळ राहतं का, की चिखल होऊन पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं, हे बघा. दुसरी गोष्ट चोपणाची खूण असू शकते. राहाता-नेवासा भागातल्या शाळांनी हे जरूर करून बघावं.

पाणी मुरायची चाचणी करायची तर दोन्ही बाजू कापलेला, १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा चार बोटं जमिनीत ठोका आणि ४४० मिलिलिटर पाणी ओता. म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्यांदा किती वेळ लागला ते सोडून द्या, दुसऱ्यांदा ओतल्यावर लागलेला वेळ लिहा. आणि ही चाचणी मेमध्ये करू नका, भेगेतून पाणी पाताळात जातं आणि मुलं टाळ्या पिटतात. वाफशावर करा.

तिसरी गंमत दोरीची. शंभर गाठी मारलेली दोरी रानात तिरपी टाकायची आणि किती गाठींखाली काडीकचरा आहे ते मोजायचं. जितक्या गाठी, तितके टक्के जमीन झाकलेली. अमेरिकेत ३० टक्के झाकलेलं असलं तर त्याला संवर्धन मशागत म्हणतात. आपल्या गावातल्या चार रानांत ही दोरी टाकून बघा. मालकाला विचारून बरं का, नाहीतर उद्या तक्रार माझ्याकडे येईल.

ज्यांच्या शाळेला परसबागेची जागा आहे त्यांनी यंदा तिचे दोन भाग करावेत. एक नेहमीसारखा खणून, दुसरा न खणता, वर चार बोटं पाचट घालून, मिरची-वांगी काडीने भोक पाडून लावायची. दोन्हीला सारखंच पाणी, मोजून, बादलीने. पहिल्या वर्षी खणलेला भाग जिंकण्याची बरीच शक्यता आहे, विशेषतः भारी जमीन आधीच दाबली गेलेली असेल तर. मुलांना हे आधी सांगून ठेवा आणि वाफे पुढच्या वर्गाच्या हवाली करा, वहीसकट. वहीत तारीख, पाणी, तण काढायला लागलेला वेळ आणि तोडलेल्या मिरच्यांचं वजन एवढे चार रकाने पुरेत. दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे मात्र आत्ताच ठरवा.